बेस चोरणं, ऑक्टोबरचा संघ आणि स्कोअरशीट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात राहणारी मराठी घरं असोत, नाहीतर ऑक्टोबरात पहाटे साडेपाचला उठून सामना लावणारी पुण्या-मुंबईतली मंडळी, दोघांकडूनही बेसबॉलबद्दल हेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. लांब फटका कोणालाही कळतो. अडतं ते बेस चोरण्यापाशी, प्लेऑफच्या (हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांच्या) संघनिवडीपाशी आणि ‘हे नेमकं कोणाच्या नावावर लागलं?’ या प्रश्नापाशी. खालची उत्तरं मेजर लीग बेसबॉलच्या, म्हणजे एमएलबीच्या नियमांना धरून आहेत.

बेस चोरणं म्हणजे नक्की काय?

बॅटरने चेंडू मारलेला नाही, वॉक (चार वाईट पिचवर बॅटरला फुकट मिळणारा पहिला बेस) मिळालेला नाही, क्षेत्ररक्षकाची चूक झालेली नाही, तरी बेसवर असलेला रनर निव्वळ स्वतःच्या पळण्यावर पुढच्या बेसवर पोहोचला, तर तो बेस त्याने चोरला असं धरतात. चेंडू खेळात असेपर्यंत तो कधीही निघू शकतो. बहुतेक जण पिचरने (बॅटरकडे चेंडू फेकणाऱ्याने) फेकण्यासाठी पाय उचलला की सुटतात.

सगळ्यात जास्त चोरला जातो तो दुसरा बेस, कारण बॅटरच्या मागे बसणाऱ्या कॅचरपासून तो सगळ्यात लांब. तिसरा त्याहून कमी. होम प्लेटची (बॅटर उभा असतो त्या, रन पुरा होणाऱ्या शेवटच्या बेसची) चोरी अगदी क्वचित, कारण जिथे पोहोचायचं तिथेच चेंडू येत असतो. डॉजर्सच्या जॅकी रॉबिन्सनने १९५५ च्या वर्ल्ड सीरीजच्या (एमएलबीतल्या अमेरिकन आणि नॅशनल या दोन लीगच्या विजेत्यांमधल्या अंतिम मालिकेच्या) पहिल्याच सामन्यात ती करून दाखवली. पंचांनी सेफ दिलं, आणि यांकीजचा कॅचर योगी बेरा तो निर्णय जन्मभर अमान्य करत राहिला.

पहिला बेस चोरता येतो का?

नाही. तिसरा स्ट्राइक, म्हणजे एरवी ज्यावर बॅटर बाद होतो तो पिच, कॅचरच्या हातून सुटला की बॅटर पळत पहिल्या बेसवर जाऊ शकतो, ते चोरीसारखं दिसतं. पण स्कोअरशीटवर तो स्ट्राइकआउटच राहतो.

कॅचर इतका जोरात फेकतो, तरी रनर सेफ कसा होतो?

सगळा हिशेब सेकंदाच्या दहाव्या भागांचा आहे. पिचरने हालचाल सुरू केल्यापासून चेंडू कॅचरच्या हातमोज्यात पोहोचायला साधारण १.३ सेकंद लागतात. तिथून चेंडू काढून, उभं राहून, दुसऱ्या बेसपर्यंत फेकायला चांगल्या कॅचरला सुमारे २ सेकंद. हे अंतर १२७ फुटांहून थोडं जास्त आहे. म्हणजे एकूण ३.३ सेकंद, आणि वर टॅग लावायला, म्हणजे रनरला चेंडू टेकवायला, क्षणभर.

पहिल्या आणि दुसऱ्या बेसमध्ये जवळजवळ ९० फूट आहेत, पण रनर आधीच दहा-बारा फूट पुढे सरकून उभा असतो. उरलेलं अंतर वेगवान माणूस घसरण्यासकट जवळजवळ तेवढ्याच वेळात कापतो. म्हणून पिचरने पाय जरा उशिरा टाकला, किंवा चेंडू जमिनीलगत आला आणि कॅचरला वाकावं लागलं, की खेळ संपला. बेस कॅचरकडून नाही, पिचरकडून चोरला जातो, असं जाणकार सांगतात ते यामुळेच. टीव्हीवर चोरी पाहताना नजर रनरवर न ठेवता पिचरच्या पुढच्या पायावर ठेवा. रनर का सुटला आणि त्याच क्षणी का सुटला, ते लगेच उमगेल.

पिचर रनरला अडवायला पहिल्या बेसवर कितीही वेळा फेकू शकतो का?

२०२२ पर्यंत फेकू शकत होता. नॉन-स्ट्रायकर क्रीज सोडून पुढे गेला की गोलंदाज त्याला धावबाद करू शकतो, तसाच हा धाक आहे. फरक एवढाच की बेसबॉलमध्ये तो रोजचा भाग आहे आणि त्यावरून कोणी खेळभावनेचा वाद घालत नाही.

२०२३ पासून एका बॅटरच्या पाळीत पिचरला दोनदाच फेकण्याच्या पाटीवरून पाय काढण्याची किंवा बेसवर फेकण्याची मुभा आहे. तिसऱ्यांदा फेकलं आणि रनर आउट झाला नाही, तर बॉक (पिचरचा नियमभंग) दिला जातो आणि रनरला पुढचा बेस फुकट मिळतो. मधेच रनर पुढच्या बेसवर गेला, तर मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. त्याच वर्षी पिचरसाठी घड्याळ आलं: बेस रिकामे असतील तर १५ सेकंद, रनर असेल तर २० (२०२४ पासून १८). बेसची पाटीही १५ इंचांवरून १८ इंच झाली, त्यामुळे पहिल्या ते दुसऱ्या बेसमधलं अंतर साडेचार इंचांनी घटलं.

परिणाम लगेच दिसला. २०२२ च्या हंगामात एमएलबीत २,४८६ बेस चोरले गेले होते, २०२३ मध्ये ३,५०३. यशाचं प्रमाण ८० टक्क्यांवर गेलं. रोनाल्ड अकुन्या ज्युनियरने त्या वर्षी ४१ होम रन मारले आणि ७३ बेस चोरले. पुढच्या वर्षी शोहेई ओहतानीने ५४ होम रन आणि ५९ बेस अशी कामगिरी केली; एकाच हंगामात पन्नास-पन्नास गाठणारा तो पहिलाच. नियमांनी खेळ कृत्रिम केला अशी तक्रार ऐकू येते, ती मला पटत नाही. पिचरने सात-सात वेळा पहिल्या बेसवर फेकत बसणं, हा काही जपून ठेवण्यासारखा वारसा नव्हता.

मग सगळेच सतत का चोरत नाहीत?

कारण आउट फार महाग असतो. संघाकडे नऊ इनिंगचे मिळून २७ आउट असतात. एकही आउट नसताना पहिल्या बेसवर रनर असेल, तर त्या इनिंगमध्ये सरासरी सुमारे ०.८५ रन होतात. तो दुसऱ्या बेसवर गेला, तर सुमारे १.१. पकडला गेला, तर एक आउट आणि बेस रिकामे: सुमारे ०.२५. म्हणजे मिळकत पाव रनाची आणि तोटा त्याच्या दुपटीहून अधिक. म्हणून शंभरातल्या सत्तर-पंचाहत्तर चोऱ्या तरी यशस्वी व्हायला हव्यात, तेव्हा कुठे बरोबरी साधते.

रिकी हेंडरसनकडे या नजरेने पाहा. १९८२ मध्ये त्याने १३० बेस चोरले, हा आधुनिक काळातला विक्रम. पण त्याच वर्षी तो ४२ वेळा पकडला गेला. कारकीर्दीत १,४०६ चोऱ्या आणि ३३५ वेळा पकडला गेला, म्हणजे ८० टक्क्यांहून जास्त यश. दुसऱ्या क्रमांकावरच्या लू ब्रॉकच्या ९३८. हेंडरसन मोठा का, हे १,४०६ या आकड्यापेक्षा त्या ८० टक्क्यांवरून जास्त कळतं, असं माझं मत.

आणि हा हिशेब सरासरीचा आहे. नवव्या इनिंगमध्ये एकच रन हवा असेल, तर गणित पार बदलतं. ते उलटही फिरू शकतं. १९२६ च्या वर्ल्ड सीरीजचा सातवा सामना, कार्डिनल्स ३-२ ने पुढे, नववी इनिंग, दोन आउट. वॉक मिळवून पहिल्या बेसवर आलेला यांकीजचा बेब रूथ दुसऱ्या बेससाठी पळाला आणि आउट झाला. सामनाही संपला, मालिकाही संपली. बॅटिंगला बॉब म्यूजल होता आणि त्याच्या मागे लू गेरिग.

२००४ ची ती चोरी एवढी गाजली ती का?

अमेरिकन लीगची अंतिम मालिका, चौथा सामना, फेनवे पार्क, १७ ऑक्टोबर २००४ ची रात्र. यांकीज बोस्टन रेड सॉक्सविरुद्ध मालिकेत ३-० ने आणि सामन्यात ४-३ ने पुढे. नववी इनिंग. पिचर मरियानो रिवेरा, ऑक्टोबरातला सगळ्यात भरवशाचा माणूस. त्याने केविन मिलरला वॉक दिला. रेड सॉक्सने मिलरला काढून डेव्ह रॉबर्ट्सला पहिल्या बेसवर उभं केलं.

तो कशासाठी आलाय, हे मैदानातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. रिवेराने तीनदा पहिल्या बेसवर फेकलं. शेवटचा थ्रो तर अगदी थोडक्यात चुकला. मग बिल म्यूलरला पहिला पिच टाकला आणि रॉबर्ट्स सुटला. होर्हे पोसाडाचा थ्रो चांगला होता, डेरेक जीटरने टॅगही झटकन लावला, पण रॉबर्ट्सचा हात केसभर आधी बेसला लागला होता. म्यूलरने चेंडू मधून मारला आणि रॉबर्ट्स घरी पोहोचला. ४-४. बाराव्या इनिंगमध्ये डेव्हिड ऑर्टिझच्या होम रनने सामना जिंकला. रेड सॉक्सने ०-३ वरून मालिका फिरवली, एमएलबीत तोवर कोणाला न जमलेली गोष्ट, आणि पुढे १९१८ नंतरची पहिली वर्ल्ड सीरीज जिंकली.

ही चोरी मोठी ठरते ती वेगामुळे नाही. रॉबर्ट्स जुलैच्या अखेरीस डॉजर्सकडून आलेला, बहुतेक वेळ बाकावर बसणारा खेळाडू. पुढच्या सामन्यात तो पुन्हा मिलरच्याच जागी पळायला आला आणि बरोबरीचा रन त्यानेच केला. वर्ल्ड सीरीजमध्ये तर तो मैदानात उतरलाही नाही. तरी त्याच्याशिवाय ती वर्ल्ड सीरीज नव्हती.

प्लेऑफसाठी किती खेळाडू निवडतात? एकदा निवडला की संघ पक्का का?

२६ जण, त्यांत जास्तीत जास्त १३ पिचर. संघ प्रत्येक मालिकेआधी नव्याने जाहीर करतात, त्यामुळे एका फेरीत वगळलेला खेळाडू पुढच्या फेरीत येऊ शकतो. २०२२ पासून प्लेऑफमध्ये १२ संघ असतात: पहिली फेरी तीन सामन्यांची, दुसरी पाचांची, लीगची अंतिम मालिका आणि वर्ल्ड सीरीज प्रत्येकी सातांची.

हंगामात पाच सुरुवातीचे पिचर लागतात, कारण सामना जवळजवळ रोज असतो. प्लेऑफमध्ये सुट्ट्या जास्त, म्हणून तीन-चार जणांवर भागतं. पाचवा बुलपेनमध्ये (राखीव पिचरांमध्ये) जातो किंवा घरी राहतो. पहिली फेरी तीनच सामन्यांची असल्याने तिथे बरेच प्रशिक्षक एखादा पिचर कमी करून बाकावर एक माणूस वाढवतात.

पात्रता कशी ठरते? सप्टेंबरात आलेला नवखा खेळाडू चालतो का?

३१ ऑगस्टच्या रात्री खेळाडू त्या क्लबच्या संघटनेत असायला हवा, ही मूळ अट. तेव्हा तो मुख्य संघाच्या ४० जणांच्या यादीत नसेल, तरी जखमी खेळाडूच्या जागी लीगकडे अर्ज करून त्याला घेता येतं. याच वाटेने २००२ मध्ये एंजल्सने २० वर्षांच्या फ्रान्सिस्को रॉड्रिगेझला आत घेतलं. सप्टेंबरात जेमतेम पाच-सहा इनिंग टाकलेला हा मुलगा. नियमित हंगामात त्याच्या नावावर एकही विजय नव्हता. त्या ऑक्टोबरात त्याने पाच सामने जिंकले आणि एंजल्सने वर्ल्ड सीरीज.

मालिका सुरू असताना कोणी जखमी झाला तर?

बदली घेता येते, पण जखमी खेळाडू त्या मालिकेतून तर जातोच, पुढच्या फेरीतही त्याला खेळता येत नाही. म्हणून स्नायू थोडाफार दुखावला तरी संघ लगेच बदल मागत नाहीत; एक माणूस कमी घेऊन दोन दिवस काढतात.

फक्त पळण्यासाठी एक जागा खर्च करणं शहाणपणाचं आहे का?

यावर माझं ठाम मत आहे: हो, ऑक्टोबरात तरी नक्कीच.

आक्षेप जुनाच आहे. १९७४ मध्ये ओकलंडने हर्ब वॉशिंग्टन या धावपटूला निव्वळ पळण्यासाठी घेतलं. दोन हंगामांत तो १०५ सामने खेळला, बॅट एकदाही हातात घेतली नाही, ३१ बेस चोरले. त्याच वर्षीच्या वर्ल्ड सीरीजच्या दुसऱ्या सामन्यात, नवव्या इनिंगमध्ये एका रनाने मागे असताना, डॉजर्सच्या पिचर माइक मार्शलने त्याला पहिल्या बेसवर गाफील पकडलं. टीकाकार आजही हा दाखला देतात. मला त्यातून वेगळंच दिसतं: वॉशिंग्टनकडे वेग होता, पिचर वाचण्याची सवय नव्हती. निवड चुकली ती माणसाची. कल्पना चुकीची नव्हती.

३० सप्टेंबर २०१४ ला कॅन्सस सिटीने ती कल्पना नीट राबवली. ओकलंडविरुद्धचा एकच निर्णायक सामना, आठव्या इनिंगमध्ये रॉयल्स ७-३ ने मागे. त्या रात्री त्यांनी ७ बेस चोरले. आठव्या इनिंगमध्ये टेरन्स गोर बिली बटलरच्या जागी पळायला आला आणि त्याने दुसरा बेस चोरला. नवव्यात जॅरड डायसन बदली रनर म्हणून आला, बंटवर (बॅटरने चेंडू मुद्दाम हळू टेकवल्यावर) दुसऱ्या बेसवर गेला, मग तिसरा चोरला. तिसऱ्या बेसचं मोल इथे कळतं: उंच झेल गेला तरी रनर घरी येतो. नोरी आओकीने तसाच झेल दिला आणि बरोबरी झाली. बाराव्या इनिंगमध्ये रॉयल्स ९-८ ने जिंकले.

आता तर ही जागा काढणं आणखी सोपं झालंय. २०२२ पासून दोन्ही लीगमध्ये नेमलेला बॅटर असतो, पिचर बॅटिंग करत नाही. त्यामुळे पिचरच्या जागी पाठवायला बाकावर बॅटर राखून ठेवायची गरज उरली नाही. शिवाय नियमित हंगामात दहाव्या इनिंगपासून दुसऱ्या बेसवर रनर आयता मिळतो, तो प्लेऑफमध्ये मिळत नाही. तिथे रनर दुसऱ्या बेसवर न्यायचा तर स्वतःच न्यावा लागतो.

धोका एकच, आणि तो खरा आहे. ज्याच्या जागी रनर येतो, तो पुन्हा खेळू शकत नाही. सामना लांबला आणि त्याचीच पाळी आली, तर बॅट त्या रनरच्या हातात असते.

२०२५ च्या डॉजर्स-फिलीज सामन्यात शेवटच्या रनाचं स्कोअरिंग कसं झालं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि त्यात वरचं सगळं एकत्र सापडतं. ९ ऑक्टोबर २०२५, नॅशनल लीगच्या विभागीय मालिकेचा चौथा सामना, अकरावी इनिंग, सामना १-१ बरोबरीत. डॉजर्सचा टॉमी एडमन हेसूस लुझार्डोच्या पिचवर हिट घेऊन पहिल्या बेसवर आला. डॉजर्सच्या प्रशिक्षकाने त्याच्या जागी हेसाँग किमला पाठवलं. तो प्रशिक्षक म्हणजे २००४ चा डेव्ह रॉबर्ट्स. मॅक्स मन्सीच्या हिटवर किम तिसऱ्या बेसपर्यंत गेला. लुझार्डो गेला, ओरायन कर्करिंग आला. दोन आउट झालेले, पुढे बेसही भरले, आणि अँडी पाहेसने चेंडू सरळ पिचरकडे मारला. कर्करिंगच्या हातून तो निसटला; पहिल्या बेसवर फेकायचा सोडून त्याने घाईत घरी फेकला आणि चेंडू कॅचरला मिळालाच नाही. किमने रन केला, मालिका संपली.

आता नोंद पाहू. रन किमचा. पाहेसला आरबीआय (बॅटरला मिळणारं रनाचं श्रेय) नाही, कारण रन चुकीवर झाला. चूक कर्करिंगची. रन अनअर्न्ड (पिचरच्या सरासरीत न धरला जाणारा), कारण नीट फेकलं असतं तर इनिंग तिथेच संपत होती. पण पराभव कर्करिंगच्या नावावर नाही, तो लुझार्डोचा. किम ज्याच्या जागी आला तो एडमन लुझार्डोने बेसवर जाऊ दिला होता, आणि बदली रनर मूळ रनरचीच जबाबदारी पुढे नेतो. अनेकांना हे अन्यायाचं वाटतं. पण कर्करिंगच्या वाट्याला आलेली चूक स्कोअरशीटवर आहेच, आणि रनर बेसवर का होता याचं उत्तरही त्याच ओळीत मिळतं. मला ही व्यवस्था प्रामाणिक वाटते.

रनर आरामात दुसऱ्या बेसवर गेला, तरी चोरी का दिली नाही?

बचाव करणाऱ्या संघाने अडवण्याचा प्रयत्नच केला नसेल, तर चोरी मिळत नाही. चार रनांनी पुढे असलेला संघ नवव्या इनिंगमध्ये पहिल्या बेसवरच्या रनरकडे लक्ष देत नाही, बेसमन मागे उभा राहतो, कॅचर फेकत नाही. स्कोअरर त्याला बचावाची बेपर्वाई समजतो आणि रनर फक्त पुढे गेला एवढंच लिहितो. मात्र कॅचर वेगळ्या डावपेचासाठी थांबला असेल, समजा तिसऱ्या बेसवरच्या रनरला घाबरून, तर चोरी दिली जाते.

दोघे एकदम पळाले आणि एक आउट झाला तर?

दुसऱ्यालाही चोरी नाही. दोघे सेफ झाले, तर दोघांनाही.

रनर पळाला आणि वाइल्ड पिच (कॅचरला अडवता न येणारा पिच) झाला, किंवा थ्रो चुकला, तर?

पिच सुटण्याआधीच रनर निघालेला असेल, तर चोरी त्याचीच. वाइल्ड पिचमुळे तो आणखी एक बेस पुढे गेला, तर तो जादा बेस वाइल्ड पिचवर. कॅचरचा थ्रो मधल्या मैदानात गेला आणि रनर तिसऱ्या बेसवर पोहोचला, तर दुसरा बेस चोरलेला आणि तिसरा कॅचरच्या चुकीवर.

याची उलट बाजू कमी जणांना माहीत असते. थ्रो वेळेत आला, रनर नक्की आउट होता, पण बेसमनच्या हातून चेंडू पडला. रनर सेफ, तरी त्याच्या नावावर पकडला गेल्याची नोंद होते, आणि बेसमनच्या नावावर चूक. तसंच पिचरने पहिल्या बेसवर फेकल्यावर रनर मागे परतताना आउट झाला, तर ती पकडलेली चोरी नाही. दुसऱ्या बेसच्या दिशेने हलला असेल, तर आहे.

हे सगळं ठरवतं कोण? निर्णय बदलतो का?

एमएलबीने नेमलेला अधिकृत स्कोअरर, जो पत्रकारांच्या कक्षात बसतो. सेफ की आउट हे पंच ठरवतात, त्यात त्याचा काही संबंध नाही. हिट की चूक, चोरी की बेपर्वाई, हे तो ठरवतो. सामन्यानंतर २४ तासांत तो निर्णय बदलू शकतो, आणि खेळाडू किंवा क्लब ७२ तासांत लीगकडे फेरविचार मागू शकतात.

प्लेऑफमधल्या चोऱ्या कारकीर्दीत धरतात का?

नाही, प्लेऑफची आकडेवारी वेगळी ठेवतात. रॉबर्ट्सच्या कारकीर्दीत २४३ चोऱ्या आहेत. फेनवेतली त्यांत नाही.

हाताने स्कोअर लिहायला शिकतोय. पकडलेली चोरी कशी लिहायची?

क्षेत्ररक्षकांना ठरलेले क्रमांक आहेत: पिचर १, कॅचर २, पहिला बेसमन ३, दुसरा ४, तिसरा ५, शॉर्टस्टॉप ६, मग बाहेरचे तिघे डावीकडून ७, ८, ९. कॅचरने फेकून शॉर्टस्टॉपने टॅग केला, तर सीएस (कॉट स्टीलिंग) आणि पुढे २-६. रूथची १९२६ ची नोंद २-४ अशी होते: कॅचर बॉब ओ’फॅरेल, टॅग दुसऱ्या बेसमनचा, रॉजर्स हॉर्न्सबीचा. यशस्वी चोरीला एसबी (स्टोलन बेस). बदली रनरचं नाव मूळ बॅटरच्या खालच्या ओळीत लिहा आणि तो आला त्या चौकोनात उभी रेघ ओढा, म्हणजे रन कोणाचा आणि बेसवर आधी कोण पोहोचलं होतं, हे दोन्ही नंतर वाचता येतं.